उपनगराचे वार्धक्य

माणसाप्रमाणे वस्तीलाही वय असते. आपल्या जुन्या गावांत ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कारण एका घरी पाळणा हलत असतो, दुसऱ्या घरी लग्नाचा मांडव पडलेला असतो, आणि तिसऱ्या घरी आजीबाई हाती जपमाळ घेऊन ओटीवर बसलेल्या असतात. परंतु जी वस्ती एकाच वेळी, एकाच वयाच्या माणसांनी भरली जाते, तिची गोष्ट निराळी. ती एकदम तरुण असते व पुढे एकदम म्हातारी होते. जपानची राजधानी टोकियो हिच्या पश्चिमेस असलेले 'तामा न्यू टाउन' हे उपनगर या गोष्टीचे बोलके उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यापाड्यांतून लक्षावधी तरुण टोकियोकडे लोटले. राहावयास घरे पुरेनात. तेव्हा १९६३ साली नव्या निवासी नगरांसाठी कायदा करण्यात आला, १९६५ साली तामा टेकड्यांवरील नगराची योजना मुक्रर झाली, आणि मार्च १९७१ मध्ये सुवा व नागायामा या भागांत पहिली कुटुंबे राहावयास आली. सुमारे २,९०० हेक्टर भूमीवर तीन लाखांहून अधिक लोकांची सोय करण्याचा संकल्प होता. आरंभी आगगाडीदेखील नव्हती; १९७४ साली ती येईपर्यंत चाकरमान्यांना बसने दूरचे स्थानक गाठावे लागे. तरीही नवे कोरे घर, मोकळी हवा आणि मुलांना खेळावयास उद्याने, एवढ्यावर लोक संतुष्ट होते.

आता पुढे काय घडले ते पाहा. आलेली बहुतेक जोडपी तिशीच्या आसपासची होती व त्यांची मुले लहान होती. म्हणून शाळा भराभर बांधाव्या लागल्या. परंतु घरे दोन-तीन खोल्यांची. मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, आणि सुनेला नांदवावयास जागा नसल्यामुळे ती दुसरीकडे निघून गेली. आईबाप मात्र तेथेच राहिले. नवी तरुण कुटुंबे जुन्या, अडचणीच्या घरांकडे फारशी वळली नाहीत. एका पिढीच्या अवधीत शाळांचे वर्ग ओस पडले व कित्येक शाळा बंद कराव्या लागल्या. मुलांच्या खाऊवर व वह्यापुस्तकांवर चालणाऱ्या दुकानांनाही टाळे लागले.

जी सोय तरुणांच्या मानाने केलेली असते, तीच वृद्धांची गैरसोय होते. पाच मजली इमारतींना लिफ्ट नव्हती. तिशीतल्या गृहस्थास त्या पायऱ्यांचे काहीच वाटले नाही. पंच्याहत्तरीत त्याच पायऱ्या डोंगराएवढ्या झाल्या. वस्ती टेकडीवर असल्याने बाजारहाटासाठीही चढउतार आलाच. मग म्हातारे माणूस घराबाहेर पडेनासे होते, आणि शेजाऱ्यास त्याची वार्ता लागत नाही. जपानी भाषेत अशा एकाकी मृत्यूला 'कोदोकुशी' असा शब्दच रूढ झाला आहे. तेथील पोलीस खात्याच्या नोंदींप्रमाणे २०२४ या एका वर्षात सुमारे ७६ हजार माणसे आपल्या घरी एकटी असताना मरण पावली. त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक ६५ वर्षांवरील होती.

तथापि उपाय नाहीच असे नाही. सुवा भागातील ६४० घरांच्या जुन्या वसाहतीच्या मालकांनी अनेक वर्षे विचारविनिमय करून एकमत घडवून आणले. जुन्या इमारती पाडून त्या जागी लिफ्टच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. २०१३ साली तेथे १,२४९ घरे तयार झाली. जुने रहिवासी परत आले आणि वाढीव घरांत लहान मुले असलेली कुटुंबेही आली. वस्तीत पुन्हा सर्व वयांची माणसे मिसळली, हेच त्या पुनर्रचनेचे खरे फळ होय.

वाचकहो, ही परदेशची कथा म्हणून सोडून देता येणार नाही. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे भारतात साठीपुढील लोक शेकडा ८.६ होते, गोव्यात मात्र शेकडा ११.२. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील एका स्त्रीमागे होणाऱ्या अपत्यांचे प्रमाण १.३ एवढेच आढळले. लोकसंख्या टिकावयास ते २.१ च्या आसपास असावे लागते. गावातील मुले पुण्या-मुंबईस वा आखातात जातात, घरी आईबाप उरतात. आणि शहरांच्या कडेला ज्या नव्या वसाहती उठत आहेत, त्यांतही आज एकाच वयाची जोडपी राहावयास येत आहेत. तामाची कथा तेथे पुन्हा घडू नये, यासाठी आजच विचार व्हावयास हवा.

घर बांधताना वा घेताना एक खोली तळमजल्यावर असावी, जिन्याला कठडा असावा, हे पाहणे मुळीच खर्चाचे नाही. आपल्या धर्मग्रामात सत्तरीपुढील कोण कोण एकटे राहतात, याची यादी प्रत्येक वाड्याने करावी. दर रविवारी मिस्सानंतर त्यांच्या दाराशी कोणी तरी जावे. शक्यतो लहान मुलांना बरोबर न्यावे. चर्चच्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधला, तर कित्येक वृद्धांना पुन्हा वेदीपर्यंत येता येईल.

बाळ येशूला मंदिरात आणले, तेव्हा त्याला ओळखले ते वृद्ध शिमोनाने व चौऱ्याऐंशी वर्षांच्या हन्नाने. ज्या मंदिरात म्हातारी माणसे नसती, तेथे त्या बाळाला ओळखणारे कोण असते? पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा दिन म्हणून नेमून दिला, तो संत योआकीम व संत अन्ना यांच्या सणाच्या सुमारास. मातापित्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञा त्या एका दिवसापुरती नाही. शेजारच्या घरात सायंकाळी दिवा लागला की नाही, हे रोज पाहणे हेही त्या आज्ञेचेच पालन आहे.