वर्गातील चर्चा आणि खानदेशी बोली

व्याख्यानानंतरचे मौन हे आकलनाचे प्रमाण नव्हे. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून पदार्थविज्ञानाच्या वर्गात निराळी पद्धती रूढ केली : प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे द्यावे, मग शेजाऱ्याशी वाद करावा व पुन्हा उत्तर द्यावे.

जळगाव-धुळ्याच्या भाषाविज्ञानवर्गात तर अभ्याससामग्री बाकांवरच बसलेली असते. अहिराणीत ‘रामना’, लेवा बोलीत ‘रामचा’. चतुर्थीचा ‘ले’ मात्र दोहींत समान. ग्रिअर्सनने १९०७ मध्ये खानदेशीला मराठीतून काढून भिल्ली भाषांच्या खंडात घातले. ते यांपैकी कोणत्या प्रत्ययाच्या बळावर टिकते? येथे ‘अशुद्ध’ म्हणून शाळेपासून गप्प बसविलेला विद्यार्थीच मुख्य साक्षीदार ठरतो. स्वतंत्र उत्तराची पायरी गाळल्यास मात्र प्रमाण मराठी बोलणाराच चर्चा जिंकून जातो, आणि साक्षीदार पुन्हा मुका होतो.