दातांचे जुलाब आणि काविळीची माळ

पचनसंस्थेला लागण करणाऱ्या विषाणूंपैकी रोटा आणि नोरो यांच्यामुळे उलट्या-जुलाब होतात, हिपॅटायटिस ए आणि ई यांच्यामुळे कावीळ. पसरण्याची वाट मुख्यतः एकच: रुग्णाच्या विष्ठेतून पाणी, हात किंवा अन्न यांमार्फत दुसऱ्याच्या तोंडात.

बाळाला दात येतात म्हणून जुलाब होतात, ही समजूत घरोघरी आढळते. दात साधारण सहाव्या महिन्यापासून येतात. त्याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते आणि रांगते मूल हाती लागेल ते तोंडात घालते. रोटाचा जोरही याच वयात असतो. दोष मात्र दातांना मिळतो. रोटाची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे मोफत दिली जाते. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. ओआरएस आणि १४ दिवस झिंक हाच खरा उपचार. जुलाबात पाणी तोडणे सर्वांत घातक.

काविळीबाबतचे गैरसमज जास्त चिवट आहेत. काविळीवर गळ्यात घातलेली काड्यांची माळ लांबत जाते, म्हणजे कावीळ उतरते, असे मानतात. प्रत्यक्षात ओल्या काड्या सुकून आक्रसतात आणि दोरा सैल होतो. कावीळ ‘उतरवताना’ हात धुतल्यावर निघणारे पिवळे पाणी म्हणजे आंब्याच्या सालीचा रस आणि चुना यांचा रंग. ए आणि ई प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला जाते.

नितळ पाणी शुद्धच, हाही भ्रम. धरण असो वा विहीर, तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाहीत. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यावर तुरटी-क्लोरीनची प्रक्रिया झालेली होती. विषमज्वर वाढला नाही, कावीळ मात्र पसरली. ती ए प्रकारची नव्हती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी १९८० मध्ये दाखवले. पुढे कारण ठरले हिपॅटायटिस ई. घरी पाणी खळखळून उकळणे आणि झाकून ठेवणे हा भरवशाचा उपाय.

शेवटच्या तीन महिन्यांतील गरोदर स्त्रियांमध्ये ई प्रकाराचा मृत्युदर २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. अशा स्त्रीचे डोळे पिवळे दिसताच माळेच्या नादी न लागता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.