दोन दिवस बिनकामाचे

मे महिना उजाडला की आमच्या देवरुखात घरोघरी पाहुण्यांचा राबता सुरू होतो. मुंबई-पुण्याची मंडळी येतात, आंबे-फणस-करवंदांची चंगळ असते, अंगणात मुलांचा दंगा असतो. छान वाटतं, खोटं कशाला बोलू? पण सुटी असते ती येणाऱ्यांची, घरच्या बाईची नव्हे. पाहुण्यांना गणपतीपुळ्याचा समुद्र दाखवायचा ठरला की पहाटे चारला उठून पुऱ्या लाटायच्या कुणी? आणि तिथं सगळे पाण्यात उतरले की चपला, घड्याळं, मोबाईल आणि कुणाचं तरी तान्हं बाळ सांभाळत वाळूत बसायचं कुणी? मैत्रिणींनो, उत्तर सांगायला हवं का?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी एकदा सहज विचारलं, "समुद्र कुणीकुणी पाहिलाय?" एकोणीसच्या एकोणीस हात वर. मग विचारलं, "गुडघाभर पाण्यात किती जणी उतरल्यात?" हात वर आले चार. आमच्यातल्या चौसष्ट वर्षांच्या काकू म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासनं दहा-बारा वेळा तरी गेले असेन गो पुळ्याला. पण पिशव्यांपाशी बसायला!"

देवरूख ते रत्नागिरी पन्नासएक किलोमीटर, तिथून पुळं आणखी पंचवीस. म्हणजे सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला समुद्रावर. इतका हाकेच्या अंतरावरचा समुद्र आणि आम्ही कोरड्याच! त्याच बैठकीत ठरलं, दर महिन्याला माणशी पन्नास रुपये वेगळे टाकायचे आणि भातकापणी-झोडणी उरकली की डिसेंबरात दोन दिवस फक्त आपण जायचं. नियम एकच, घरून डबा कुणीही आणायचा नाही.

ठरवणं सोपं होतं, निघणं अवघड. एकीच्या सासूबाईंनी विचारलं, "देवदर्शनाला जाताय ना? मग जा." दुसरीच्या नवऱ्याने विचारलं, "काही शिबिर-बिबिर आहे का?" बाई घराबाहेर मुक्कामाला राहणार ती देवासाठी, लग्नकार्यासाठी, नाहीतर कुणाच्या दुखण्यासाठी. नुसती मजा करायला जाते म्हटलं की घराच्या कपाळाला आठ्या! दोघी-तिघींनी सुचवलं, "दर्शनाला जातो असंच सांगू या की." मी म्हटलं, दर्शन तर घेऊच, पण समुद्रावर मजा करायला जातोय हेही सांगू. एकदा खरं सांगितलं तर पुढच्या वर्षी निमित्त शोधावं लागणार नाही.

आणि यात लाजण्यासारखं आहे तरी काय? संयुक्त राष्ट्रांनी १९४८ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा केला. त्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांतीचा, फुरसतीचा आणि ठरावीक काळाने पगारी सुटी मिळण्याचा हक्क माणसाला दिलेला आहे. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असे इंग्रजी शब्द होते. ते बदलून 'सर्व माणसे' असे शब्द यावेत म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. म्हणजे सुटीच्या त्या हक्कात आपणही आलो! फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांच्या पगारी सुटीचा कायदा झाला, तेव्हा कितीतरी कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला म्हणतात. पण घरकामाला मुळात पगारच नाही, तर पगारी सुटी कुठून येणार? केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात असं आढळलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटे ८८. यात रविवार नाही, दिवाळीची सुटी नाही. आपली सुटी आपणच मंजूर करायची!

तर आम्ही निघालो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यामुळे खर्चाचा मोठा भार हलका झाला. रत्नागिरीहून मुद्दाम आरे-वारेच्या किनारी रस्त्याने जाणारी गाडी धरली. चढण चढून गाडी वर आली आणि खाली दोन्ही किनाऱ्यांचा निळा पसारा दिसला, तेव्हा बडबडणाऱ्या सगळ्या जणी एकदम गप्प झाल्या. पुळ्याचा गणपती स्वयंभू, पश्चिमेकडे तोंड केलेला. मागची टेकडीच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा साऱ्या टेकडीला, सुमारे एक किलोमीटरची. ती पूर्ण करून आम्ही थेट पाण्याकडे वळलो.

कुणी साडीत, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये, कुणी गाऊनवर ओढणी बांधून. "लोक काय म्हणतील?" असं एक-दोघी पुटपुटल्या. लोकांना वेळच नव्हता, ते आपापल्या लाटांत दंग होते! काकू पहिल्यांदा दोन पावलं पुढे आणि तीन मागे. मग एक लाट गुडघ्यावर फुटली आणि त्या तिथेच फतकल मारून बसल्या. पुढचा अर्धा तास त्या उठल्याच नाहीत. हातात मूठभर वाळू घ्यायची, लाटेत सोडायची, पुन्हा घ्यायची. पिशव्यांपाशी पाळीपाळीने बसायचं आधीच ठरलं होतं, त्यामुळे कोरडी एकही राहिली नाही.

रात्री जेवायला ताटं समोर आली. उकडीचे मोदक, वर तुपाची धार, शेजारी सोलकढी. एक वहिनी सवयीने उठून वाढायला निघाली, तर सगळ्यांनी तिला हात धरून खाली बसवलं! ती म्हणाली, "माहेर सुटल्यापासून गरम मोदक पहिल्यांदाच पानात पडला. एरवी सगळ्यांचं होईपर्यंत माझा गार होतो."

दुसऱ्या दिवशी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं आणि मग जयगडला गेलो. किल्ल्यावरून शास्त्री नदीचं मुख दिसतं. आपल्या संगमेश्वरावरून वाहत जाणारी ती शास्त्री समुद्राला मिळते ती इथे. नदी दरवर्षी इथवर येते, आपण का येऊ नये? परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यांच्या जाहिराती आपण टीव्हीवर पाहतो. मेक्सिकोतलं अकापुल्को हे सुटीसाठी जगभर गाजलेलं शहर आणि आपली रत्नागिरी नकाशावर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, १७ अंश उत्तरेच्या आसपास. तिथं जे डोक्यावर येतं तेच ऊन आपल्याही डोक्यावर येतं. फरक इतकाच, की तिथलं ऊन लोक पैसे मोजून अंगावर घेतात आणि आपण त्यात पापड वाळवतो!

मात्र मजा जिवावर बेतू नये. पुळ्याच्या समुद्राला ओढ आहे, तिथं माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पोहता येत नसेल तर गुडघ्यापुढे पाण्यात जायचं नाही, जीवरक्षकांची शिट्टी ऐकली की मागे फिरायचं. आजूबाजूला लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतोय, तर तो टाळावा; पाणी तिथूनच आत खेचलं जातं. आणि भरती-ओहोटी पाहूनच उतरावं. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती सकाळी अकरा-बाराच्या सुमारास असते आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे संकष्टीला ती दोन-अडीचच्या आसपास येते, नेमकी देवळात गर्दी असताना. पावसाळ्यात तर नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र लांबूनच पाहावा.

एक कळकळीची गोष्टही सांगते. वाटेत एका ठिकाणी बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, दुसरीकडे पाणी नव्हतं. प्रवासात जावं लागू नये म्हणून कितीतरी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग दुखणं ओढवून घेतात. आम्ही परत आल्यावर याबद्दल लेखी अर्ज दिला. तुम्हीही जिथं जाल तिथं मागणी करा. समुद्रकिनाऱ्यावर स्वच्छतागृह आणि ओले कपडे बदलायला आडोसा असलाच पाहिजे.

घरी परतल्यावर कुणाच्या घरावरचं छप्पर उडालेलं नव्हतं. एकीच्या मुलाने पिठलं-भात करून पाहिला होता, थोडा करपला, पण खाल्ला सगळ्यांनी. सासूबाईंनी तर विचारलं म्हणे, "पुढच्या वेळी मला न्याल का गो?"

तेव्हा मैत्रिणींनो, भिंतीवरचं कॅलेंडर आजच काढा. त्यावर दूधवाल्याचे खाडे असतात, गॅसची तारीख असते, मुलांच्या परीक्षा असतात. तिथंच दोन दिवसांवर लाल गोल करा आणि खाली लिहा, 'माझी सुटी'. शेजारी तिथी छापलेली असतेच, भरतीची वेळही त्यावरून कळेल!