एकाएकी दम तुटलेला ट्रक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खोपोलीकडून बोरघाट चढताना काल ज्या चढाला तिसरा गिअर पुरत होता, तिथे आज दुसरा टाकूनही भरलेली गाडी ओढत नाही. इंजिन बंद पडत नाही, खडखडत नाही, फक्त दम गेलेला असतो. गॅरेजवर नेली की निदान ठरलेले : "पंप गेला." पंप उतरतो, टेस्ट बेंचवर जातो, गाडी दोन-तीन दिवस उभी राहते, भाडे बुडते. पंप परत बसवूनही गाडी तशीच राहिली तर मग नोझल, मग टर्बो, आणि शेवटी "इंजिनच करून घ्या". एका गाडीवर घर चालवणाऱ्या मालकाचे यात कंबरडे मोडते, आणि पुष्कळदा दोष निघतो तो टाकीतल्या जाळीत किंवा चिरलेल्या रबरी होजमध्ये.

इथे बोलतो आहे ते जुन्या गाड्यांविषयी. टाटाचे 697 इंजिन, टाटा-कमिन्सचे सहा सिलिंडरचे 5.9 लिटरचे इंजिन आणि त्या पिढीतली बाकीची इंजिने, ज्यांच्या अंगाला पूर्ण यांत्रिक पंप असतो. कॉमन रेलच्या गाड्यांचे तंत्र निराळे, त्यांना यातले सगळे लागू नाही.

"दम गेला म्हणजे पंप गेला"

पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. ती झिजते, पण हळूहळू. असा पंप आधी गरम इंजिन चालू व्हायला त्रास देतो, मग चढावर गाडी थोडी थोडी मागे पडू लागते. लायनर-रिंगचेही तसेच : इंजिन ऑइल खाते, ब्रीदरमधून धूर फेकते, आणि बऱ्याच काळाने दमाला येते. काल ठीक आणि आज नाही, ही झीज नव्हे. काहीतरी तुंबले, सुटले, फाटले किंवा अडकले, तरच दम एकाएकी जातो. पंपातला एखादा प्लंजर जाम होऊ शकतो, डिलिव्हरी व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटू शकते. पण तसे झाले तर एक सिलिंडर मिस मारतो आणि इंजिन थरथरते, ते लपत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी चालकाला विचारायचे : नेमके कधीपासून? त्याआधी काय झाले? फिल्टर बदलला होता का, टाकी कुठे भरली, स्टॉपची केबल ओढताना जड लागत होती का? गाडी चालकाच्या हाताखाली असते, त्याचे उत्तर निम्मे निदान असते.

"काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, पंप कमी करा"

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. पंपाची सेटिंग कालचीच असेल तर डिझेल वाढलेले नाही, हवा कमी झाली आहे. एअर क्लीनर धुळीने गच्च भरलेला असतो. ऊस, सिमेंट, मुरूम वाहणाऱ्या गाड्यांना हे ठराविक मुदतीच्या फार आधी होते. टर्बोच्या गाडीत टर्बोपासून मॅनिफोल्डकडे जाणारा होज फाटतो किंवा त्याची क्लिप सुटते. मग लोडवर रेस केली की फुस्स असा आवाज येतो, काळा धूर निघतो आणि गाडी बसते. गाडी उभी असताना नुसती रेस देऊन हे कळत नाही, कारण लोडशिवाय टर्बो पुरेसा दाब करत नाही. होज हाताने दाबून, खालची बाजू चाचपून पाहावा लागतो. चीर बहुधा खालूनच असते आणि तिच्याभोवती काळपट तेलकट डाग पडतो.

तिसरी जागा बहुतेक जण पाहतच नाहीत : एक्झॉस्ट ब्रेक. सायलेन्सरच्या पाइपमधली ती झडप गंजून अर्धवट बंद राहिली की जळालेला वायू बाहेर पडत नाही आणि इंजिन गुदमरते. लिव्हर पूर्ण उघडतो का, हे खाली वाकून बघायला दोन मिनिटे पुरतात.

टर्बोबद्दलही एक सांगून ठेवतो. होजमध्ये तेलाचा ओलसर हात लागला म्हणून टर्बो गेला असे होत नाही, ब्रीदरची वाफ टर्बोकडे येत असेल तर तेवढे तेल असतेच. शाफ्ट आडवा किंचित हलतो, तोही त्याच्या तेलाच्या थराचा खेळ आहे. पाती घराला घासत असतील किंवा शाफ्ट पुढे-मागे हलल्याचे बोटांना स्पष्ट जाणवत असेल, तर मात्र टर्बो उतरवायचा.

"धूर नाही, म्हणजे इंजिन ठणठणीत"

दम नाही आणि धूरही नाही, तर इंजिनाला डिझेल पोचत नाही. एकाएकी गेलेल्या दमाचे हे सगळ्यांत बोलके रूप आहे आणि इथेच पंपाचा बळी जातो. पंपापर्यंत डिझेल येतानाची वाट लांब आहे : टाकीतली जाळी, लोखंडी पाइप, रबरी होज, फीड पंप आणि त्याची बारीक जाळी, मग फिल्टर. यातले काहीही तुंबले तरी आयडलवर गाडी गोड चालते, कारण आयडलला डिझेल फारच कमी लागते. लोड आला की पुरवठा अपुरा पडतो. "जागेवर रेस छान घेते" हा म्हणूनच काही पुरावा नव्हे.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. झाकणाचे हवेचे भोक चिखलाने बुजले तर टाकीत पोकळी होते आणि डिझेल ओढले जात नाही. दम तुटल्यावर झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष तिथेच सापडला.

नंतर दुसऱ्याला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगून पंपाच्या लिव्हरकडे पाहा. तो शेवटच्या स्टॉपला टेकतो का? पायाखाली दुमडलेली मॅट, झिजलेला लिंकेजचा बुश, पूर्ण परत न आलेली स्टॉपची केबल, यांतल्या कशानेही पंप अर्ध्यावर राहतो. याला पैसा लागत नाही.

"फिल्टर कालच बदलला" हेही ऐकून सोडून देऊ नका. टाकीच्या तळाशी गाळ आणि पाणी असेल तर नवा फिल्टर एका फेरीत भरतो. पावसाळ्यात तळाला साचलेल्या पाण्याच्या कडेला जंतू वाढतात आणि काळा चिकट थर होतो. टाकीचा ड्रेन प्लग सोडून डिझेल स्वच्छ बाटलीत घ्या, थोडा वेळ ठेवा, पाणी खाली बसलेले दिसेल. नवा फिल्टर बसवताना कॅनमधले डिझेल वरून ओतून भरण्याची सवयही सोडलेली बरी, कारण मधल्या भोकातून ओतलेले डिझेल न गाळता थेट पंपात जाते. त्यासाठी हँड प्रायमर दिलेला आहे.

"कुठे थेंबही गळत नाही, मग लीक कसला?"

या गैरसमजाने जितके पंप विनाकारण खोलले गेले असतील, तितके दुसऱ्या कशाने नसतील असे मला वाटते. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. तिथल्या भेगेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बाहेरून पाइप कोरडा ठणठणीत, आत बुडबुडे. जुना रबरी होज, दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वॉशर, फिरवून घट्ट न केलेला हँड प्रायमर, या नेहमीच्या जागा आहेत.

पकडायची रीत सोपी आहे. फीड पंपाच्या आधी डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडा, एअर काढा आणि रेस द्या. नळीत बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा तिच्या मागूनच येते आहे. त्याहून पक्की चाचणी कॅनची. स्वच्छ डिझेलचा कॅन घट्ट बांधून त्यातून नव्या होजने थेट फीड पंपाला डिझेल द्या, परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा आणि गाडी लोडवर थोडी चालवा. दम परत आला तर टाकी, जाळी किंवा पाइप दोषी. पंपाला हात लावायचे कारण उरले नाही.

कॅननेही फरक पडला नाही, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह आणि पंपाच्या परतीच्या वाटेवरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह तपासा. त्याची स्प्रिंग मेली की आलेले डिझेल दाब न धरता टाकीत परत जाते. टर्बोच्या काही गाड्यांत मॅनिफोल्डपासून पंपावरच्या डायफ्रामला एक बारीक नळी जाते. टर्बोचा दाब वाढल्याची खबर पंपाला तिच्यातूनच मिळते. नळी चिरली किंवा डायफ्राम फाटला की पंप डिझेल वाढवतच नाही, धूरही येत नाही, आणि गाडी हुबेहूब पंप गेल्यासारखी वागते.

इंजिनाबाहेरचे

कधी इंजिन पूर्ण ताकद देत असते आणि ती वाटेतच खर्ची पडते. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतो आहे. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केल्यावर गाडी लवकर थांबते आणि एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा तापलेला असतो, तर ब्रेक चिकटतो आहे. ड्रमला हात लावू नका, पाण्याचे थेंब टाकून पाहा.

"घाटावर हवा विरळ" हे कारणही फार ताणू नये. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच आहे. दर 100 मीटरला हवेची घनता साधारण 1 टक्का घटते, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाचा दम सहा टक्क्यांच्या आसपास कमी होईल. तोही रोजच होईल, आजच नाही.

"सील तोडून पंप थोडा वाढवून घ्या"

हा सल्ला घेऊच नका. अडवलेल्या वाटेने जादा डिझेल येणार नाही. हवा कमी असताना डिझेल वाढवले तर सिलिंडरमधली उष्णता वाढते, पिस्टनचा माथा वितळतो, हेड तडकते. मूळ दोष सापडून दूर झाला की वाढवलेली सेटिंग तशीच राहते आणि मग खरा घात करते. सगळे तपासून पंप उतरवावाच लागला, तर टेस्ट बेंचवरची प्रत्येक सिलिंडरची आधीची आणि नंतरची मापे कागदावर मागून घ्या.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. चालू इंजिनावर नोझलच्या पाइपला लीक आहे का, हे बोटाने कधीही पाहू नका. जुन्या नोझलही 200 बारच्या आसपास उघडतात, आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण काही तासांत बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असे घडले तर हळद लावून कामाला लागू नका. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जा आणि डिझेल दाबाने आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.