रिमफायर रायफलीची नवी नळी : संस्कार आणि निगा

एखादी संज्ञा एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात गेली, की पुष्कळदा तिच्यामागील कारण मागेच राहते आणि संज्ञा तेवढी आज्ञा होऊन बसते. नव्या नळीचे ‘ब्रेक-इन’ हे याचे बोधप्रद उदाहरण होय. नवी नळी एकेक गोळी झाडून व दर गोळीनंतर घासून तयार करावी, असा समज अनेक नेमबाजांत आढळतो. .२२ रिमफायर रायफलीस हा विधी कितपत लागू पडतो, हे येथे पाहावयाचे आहे.

रिमफायर काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी नसून पोकळ काठात असते. फायरिंग पिनचा आघात त्या काठावर होतो. १८८७ पासून प्रचारात असलेल्या .२२ लाँग रायफल काडतुसाची गोळी सामान्यतः ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, मऊ शिशाची व मेणासारख्या वंगणाने लेपलेली असते. याउलट मोठ्या सेंटरफायर रायफलीची गोळी बहुधा तांब्याच्या कवचाची असून तिचा वेग दुपटीहून अधिक असतो. नळीतील यंत्रकामाच्या सूक्ष्म खुणांत तांबे अडकते, म्हणून तेथे वारंवार साफसफाईस निदान काही युक्तिवाद आहे. लेपयुक्त शिशाच्या बाबतीत तो उरत नाही.

रिमफायर नळीत घडते ते निराळेच. गोळीवरील वंगणाचा पातळ थर आतून बसतो आणि तो एकसारखा झाला म्हणजे नेम स्थिरावतो. बिडाच्या नव्या तव्याला तेल मुरावे, तसाच हा प्रकार. म्हणून साफसफाईनंतरच्या, अथवा काडतुसाचा प्रकार बदलल्यानंतरच्या, पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात.

यावरून कृती ठरते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून कारखान्यातील तेल कोरड्या चिंध्यांनी पुसून काढावे. द्रावणाची एक चिंधी व मागून कोरड्या चिंध्या फिरवाव्यात. नंतर एकाच प्रकारची काडतुसे झाडून निशाणावरील गट पाहावा. नव्या नळीचा संस्कार एवढाच.

निगेत मात्र दक्षता हवी. शक्य तेथे गज मागील बाजूने, मार्गदर्शक नळीतून सरळ घालावा. गोळी नळीचा निरोप घेते ती तोंडाची कड गजाने घासली गेल्यास गोळीमागील वायू एका बाजूने आधी निसटतो व नेम बिघडतो. चेंबरच्या पुढील टोकास साचणारे कठीण काजळीचे कडे वेळोवेळी काढावे. रिकामा चाप ओढू नये. काही रायफलींत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून तेथे खाच पडते. पावसाळ्यात तेलाचा पातळ हात द्यावा, पण झाडण्यापूर्वी तो पुसावा.

पन्नास मीटरच्या निशाणावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले ते याच अंतरावरील रायफल स्पर्धेत. इतक्या सूक्ष्मतेच्या खेळात अकारण घासलेला गज न झाडलेल्या गोळीपेक्षा महाग पडतो. नळी झिजते ती पुष्कळदा शिशाने नव्हे, तर अर्थ न तपासता पाळलेल्या शब्दाने.