मायक्रोवेव्ह दुवा : मनोऱ्यावरील यंत्रास आज्ञा कशी देतात?

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १९६९-७० मध्ये येथील जगन्नाथ टेकडीवर झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले व पवनीचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांच्या तोंडी झाले. पुढे २२ एप्रिल १९८८ रोजी याच तालुक्यातील गोसीखुर्द येथे धरणाची पायाभरणी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी व संजय सरोवरातून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेस महापूर आला, तेव्हा या धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची अनेक गावे जलमय झाली. किती पाणी सुटले व ते केव्हा पोचेल, ही वार्ता तहसील कार्यालयास आणि गावास वेळेवर मिळणे यावर अशा प्रसंगी माणसे व गुरे हलविण्याचे सारे काम अवलंबून असते.

ही वार्ता नेणारा एक मार्ग म्हणजे जमिनीखालील ऑप्टिकल फायबर. केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केलेल्या व पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु जेथे पुराने रस्त्याची कड वाहून जाते, अभयारण्यातून चर खणणे सुलभ नसते किंवा रस्ता रुंद करणारे यंत्र तार तोडून जाते, तेथे दुसरा मार्ग उपयोगी पडतो. तो म्हणजे मायक्रोवेव्ह, अर्थात सूक्ष्मतरंगांचा दुवा. हे तरंग आपल्या देशास नवीन नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अशाच आखूड तरंगांच्या साह्याने भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. दूरध्वनीसाठीचा देशातील पहिला मायक्रोवेव्ह मार्ग १९६५ मध्ये कलकत्ता ते आसनसोल असा सुरू झाला.

दोन मनोरे, त्यांवर एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन तबकड्या, आणि मधे काहीही आड न येणारी सरळ दृष्टिरेषा, इतके या दुव्याचे बाह्य स्वरूप. उदाहरणादाखल, पवनीहून नदीपलीकडे दहा किलोमीटरवर असलेल्या एखाद्या गावाशी १५ गिगाहर्ट्झवर दुवा जोडावयाचा आहे असे समजू. डोळ्यास दिसणारी रेषा मोकळी असून भागत नाही. तरंगांना रेषेभोवती काही जागा लागते. मध्यावर ती चोहोबाजूंनी सुमारे सात मीटर असते व तिचा निदान साठ टक्के भाग मोकळा असावा लागतो. पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यावर आणखी सुमारे दीड मीटर उंची धरावी लागते. मोहाचे एखादे झाड दहा वर्षांत किती वाढेल याचाही विचार त्यात आला!

प्रक्षेपक १०० मिलिवॅट शक्तीने, म्हणजे तांत्रिक भाषेत २० डीबीएमने, तरंग सोडतो. दहा किलोमीटरच्या प्रवासात १३६ डेसिबेलची घट होते. साठ सेंटिमीटर व्यासाच्या तबकड्या प्रत्येकी सुमारे ३७ डेसिबेल परत मिळवून देतात. हिशेब केला असता पलीकडे उणे ४२ डीबीएम पोचावयास हवेत. सोडलेल्या शक्तीचा हा सुमारे सोळा लाखावा अंश. तरीही ग्राहीस तो पुरेसा असतो. हा उणे ४२ चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता यंत्रास आज्ञा देण्याचा प्रश्न. या यंत्रावर बटणे व चक्रे फारशी नसतात. अभियंता आपला संगणक एका तारेने यंत्राच्या कन्सोल नामक खाचेस जोडतो, अथवा दूर कार्यालयात बसून जाळ्यामार्फत यंत्राशी संपर्क साधतो. पडद्यावर चित्रे उमटत नाहीत. नाव व परवलीचा शब्द दिल्यावर केवळ एक लुकलुकणारी खूण दिसते आणि तेथे एकेका ओळीत आज्ञा लिहावयाची असते. यास कमांड लाइन म्हणतात. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली निराळी असली तरी व्याकरण बहुधा सारखेच : ‘शो’ म्हटले की यंत्र आपली स्थिती सांगते, ‘सेट’ म्हटले की बदल करते, ‘सेव्ह’ म्हटले की तो बदल कायमचा लिहून ठेवते. ‘सेव्ह’ विसरल्यास वीज जाऊन आल्यावर यंत्र जुन्या अवस्थेत परत जाऊ शकते. ज्या तालुक्यात वादळात तासन्‌तास वीज जाते, तेथे ही एक ओळ फार मोलाची ठरते.

प्रक्षेपणाची व ग्रहणाची वारंवारता, शक्ती, पट्ट्याची रुंदी आणि दुव्याचा ओळख-क्रमांक इतक्या गोष्टी दोन्ही टोकांस जुळवून द्याव्या लागतात. एका टोकाची प्रक्षेपणाची वारंवारता ती दुसऱ्याची ग्रहणाची असते. ही वारंवारता मनास येईल ती घेता येत नाही. परवान्याच्या पट्ट्यांत ती केंद्रीय दूरसंचार विभागाकडून नेमून दिली जाते.

खरी कसोटी लागते ती चालू दुव्यात बदल करताना. पवनीत बसलेला अभियंता पलीकडच्या यंत्राशी बोलतो ते त्याच दुव्यावरून. म्हणजे होडीत बसूनच होडीचा दोर बदलण्यासारखे हे काम आहे. त्याने प्रथम पवनीच्या यंत्राची वारंवारता बदलली तर दुवा तुटतो आणि पलीकडच्या यंत्रास काही सांगण्याची वाटच उरत नाही. मग नदी ओलांडून, मनोऱ्याच्या पायथ्याशी जाऊन, तार जोडूनच ते सुधारावे लागते. नदीस पूर असेल तर? म्हणून नियम असा की, आधी दूरचे टोक बदलावे, संपर्क तुटू द्यावा, आणि मग जवळचे टोक बदलून दोहोंची गाठ पुन्हा घालावी.

यावरही एक उपाय अनेक यंत्रांत असतो आणि प्रस्तुत लेखकास तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बदलाबरोबर मुदत दिली जाते, समजा दहा मिनिटे. तेवढ्या वेळात अभियंत्याने पुन्हा येऊन ‘कायम’ असे सांगितले नाही, तर यंत्र आपणहून पूर्वस्थितीवर येते. चूक झाली तरी गाव दहा मिनिटांहून अधिक काळ तुटून राहत नाही. मुदत न घालता दूरच्या यंत्रास हात लावणाऱ्यास हटकण्यासाठी तांत्रिक शिक्षणाची गरज नाही.

पाऊस व पाणी यांचे या दुव्याशी वैर आहे. १० गिगाहर्ट्झच्या वर मुसळधार पावसाचे थेंब तरंग शोषून घेतात. अशा वेळी आधुनिक यंत्र वेग कमी करून संदेश टिकविते : एका वेळी आठ बिटे पाठविणारे दोनच पाठवू लागते. चित्रफीत अडखळेल, पण दूरध्वनी चालेल. मात्र ही सोय चालू ठेवण्याची आज्ञा दिलेली असली पाहिजे, आणि कमी वेगात कोणत्या संदेशास अग्रक्रम द्यावयाचा हेही ठरवून दिलेले असले पाहिजे. जलाशयाची अडचण वेगळी. संथ पाण्यावरून परावर्तित झालेले तरंग थेट आलेल्या तरंगांना छेद देतात. त्यावर एक तबकडी उंच व दुसरी ठेंगणी ठेवणे, किंवा एकाच मनोऱ्यावर वरखाली दोन तबकड्या बसविणे, हे उपाय आहेत.

आता उणे ४२ कडे वळू. तबकडीचा मुख्य झोत जेमतेम सव्वादोन अंशांचा असतो. त्याच्या बाजूस दुर्बळ उपझोत असतात. बसविणाऱ्याने घाईत उपझोतावरच तबकडी घट्ट केली, तर यंत्र उणे ६५ च्या आसपास दाखवील. उन्हाळ्यात दुवा चालेल, देयकही मंजूर होईल, आणि आषाढातील पहिल्या जोरदार सरीत तो कोसळेल. काम ताब्यात घेताना अधिकाऱ्याने वा सरपंचांनी ‘हिशेबाने किती, प्रत्यक्षात किती?’ एवढाच प्रश्न विचारावा आणि ‘शो’ची आज्ञा आपल्यासमोर द्यावयास लावावी. दोन-तीन डीबीचा फरक चालेल. वीसचा चालणार नाही.

त्याच वेळी यंत्राच्या सर्व मांडणीची प्रत फाइलरूपाने व कागदावर मागून घ्यावी. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलून घ्यावा आणि नवा शब्द मोहोरबंद पाकिटात तालुक्याच्या ठिकाणी ठेवावा. वीज पडून यंत्र जळाल्यास नव्या यंत्रात ती प्रत भरून दुवा काही तासांत उभा राहतो; प्रत नसल्यास प्रत्येक आकडा पुन्हा शोधावा लागतो. दर बदलानंतर प्रत नवी करून तीवर दिनांक घालावा, आणि निकडीचे नसलेले सारे बदल मे महिन्याअखेर उरकून घ्यावेत.