न चालणारा संगणक आणि त्यांतील ठेव

आषाढाची झड लागलेली असावी, रात्रीं दोन वेळां वीज जाऊन आलेली असावी, आणि सकाळीं घरांतील कोणीं संगणकाची कळ दाबावी तों काय, ना दिवा लागत, ना पंख्याचा आवाज होत! कोल्हापुरांतील पुष्कळ घरांना हा अनुभव नवीन नाहीं. नेमकी त्याच दिवशीं मुलीच्या प्रवेशअर्जाची मुदत संपावयाची असते, वडिलांचे हिशेब त्याच यंत्रांत असतात, आणि आजीच्या पंचाहत्तरीचीं छायाचित्रें दुसरीकडे कोठेंच ठेवलेलीं नसतात. मग 'संगणक गेला' असा निकाल घरांतल्या घरांत लागतो. पेटी रिक्षांत घालून दुकानीं पोंचविली जाते. चार दिवसांनीं ती चालू होऊन परत येते खरी, पण आंत कांहींच शिल्लक नसतें. 'फॉरमॅट मारून दिलाय' एवढें एक वाक्य काय तें तिच्याबरोबर येतें.

यांत दोष दुकानदाराचा थोडा आणि घरच्यांचा अधिक. यंत्र निराळें व यंत्रांतील ठेव निराळी, हा भेद त्यांनीं स्वतः केला नाहीं आणि दुकानदारासहि सांगितला नाहीं. यंत्राचे भाग बाजारांत मिळतात; हरवलेली ठेव कोणत्याहि बाजारांत मिळत नाहीं. न चालणाऱ्या संगणकापुढें बसतांना 'हा चालू कसा होईल' हा प्रश्न दुसरा. 'आंतील ठेव शाबूत आहे ना' हा पहिला. समाधानाची गोष्ट अशी कीं, बहुतेक बिघाड असल्या जागीं होतात कीं त्यांचा ठेवीस स्पर्शहि होत नाहीं. तिचा नाश होतो तो पुष्कळदां मागाहून, दुरुस्तीच्या घाईंत.

संगणक चालू होणें ही एक क्रिया नव्हे, ती क्रियांची एक सांखळी आहे. भिंतींतून येणारी २३० व्होल्टची वीज पेटीच्या मागील बाजूस असलेल्या एस.एम.पी.एस. नांवाच्या डब्यांत शिरते आणि तेथें तिचे १२, ५ व ३.३ व्होल्टचे, एकाच दिशेनें वाहणारे प्रवाह होतात. कळ दाबल्यानें ही वीज प्रत्यक्ष जोडली जाते अशी समजूत आहे, पण तसें नाहीं. कळ मदरबोर्डास केवळ उठण्याची सूचना देते, आणि त्याच्या आज्ञेवरून तो डबा पूर्ण वीज सोडतो. मग मदरबोर्डावरील एका चिपेंत कायमचा साठविलेला लहानसा प्रोग्राम जागा होतो. तो रॅमच्या पट्ट्या, पडद्याची जोडणी, कळफलक यांची हजेरी घेतो, डिस्क शोधतो, आणि डिस्कवरील विंडोज किंवा लिनक्स यांसारखी मोठी व्यवस्था रॅममध्यें आणून कारभार तिच्या हातीं सोंपवितो. यासच 'बूट होणें' म्हणतात. स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलणाऱ्या माणसाची जी थट्टा इंग्रजी भाषेंत आहे, तिच्यावरून हा शब्द आला. प्रोग्राम आणावयास प्रोग्राम लागतो, तर पहिला कोणीं आणावा? हें कोडें त्या लहानशा प्रोग्रामानें सोडविलें आहे.

जातां जातां एक सांगावेंसें वाटतें. सबंध पेटीस 'सीपीयू' म्हणण्याची जी चाल पडली आहे ती बरोबर नाहीं. सीपीयू ही आंत पंख्याखालीं झांकलेली, तळहाताहून लहान अशी एक चीप असते, आणि संगणक न उठण्याच्या गुन्ह्यांत ती क्वचितच सांपडते.

सांखळी कोठें तुटली तें ओळखणें हेंच निदान. पेटी अगदीं मुकी असेल तर संशय आधीं बाहेरच्या विजेवर घ्यावा. त्याच सॉकेटांत टेबलावरचा दिवा लावून पाहावा. त्यानंतर यू.पी.एस. पाहावा. त्यांतील बॅटरी साधारणतः दोन-तीन वर्षांत थकते. मग वीज जातांच तोहि डोळे मिटतो, आणि कांहीं यू.पी.एस. वीज परत आल्यावरहि आपण होऊन उठत नाहींत, त्यांची कळ निराळी दाबावी लागते. म्हणून त्यास मध्यें न घेतां पेटी सरळ भिंतीच्या सॉकेटास जोडून पाहावी. पेटीच्या मागें, जेथें वायर शिरते तेथेंच, बहुधा एक लहान बटण असतें. केर काढतांना फडक्यानें तें बंद झालें तरी पेटी तितकीच मुकी होते, आणि तेवढ्यासाठीं रिक्षाचें भाडें व्यर्थ जातें.

इतकें होऊनहि पेटी न उठल्यास वायर काढून घ्यावी, चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, पांच मिनिटें थांबून वायर पुन्हां जोडावी. विजेच्या चढउतारानें अडून बसलेलें यंत्र कधीं कधीं एवढ्यानेंच उठतें. लॅपटॉपचें तसेंच, चार्जर काढून कळ दाबून धरावी, नंतर चार्जर लावून पाहावें. उपाय सरला तर एस.एम.पी.एस.चा डबा बदलण्याची वेळ आली असें समजावें. तो डबा घरीं कदापि उघडूं नये. वायर काढल्यानंतरहि कांहीं काळ त्याच्या कपॅसिटरांत जिवावर बेतण्याइतकी वीज सांठून राहते.

पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी तऱ्हा. पडद्याला स्वतंत्र वीज लागते, हें आधीं आठवावें. त्याची केबल दोन्ही टोकांस घट्ट बसवावी. तें ठीक असेल तर कोल्हापुरच्या पावसाळ्यांत पहिला संशय रॅमच्या पट्टीवर घ्यावा. दमट हवा व धूळ मिळून पट्टीच्या सोनेरी कडेवर मळाचा सूक्ष्म थर बसतो आणि हजेरींत रॅम गैरहजर ठरते. वायर काढून, पेटीच्या लोखंडी सांगाड्यास हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरवावी. पट्टीच्या टोकांच्या खिट्ट्या सोडवून ती सरळ वर काढावी, सोनेरी कड मऊ खोडरबरानें हलकेच पुसावी, कण झटकावेत आणि खिट्ट्या आपण होऊन लागेपर्यंत पट्टी दाबून बसवावी. पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून पाहावी. ज्या पेटींत लहान भोंगा असतो ती अशा वेळीं टिक्‌टिक् शिट्ट्या देते. त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून लांब किती व आंखूड किती हें कागदावर टिपून ठेवावें. दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा तास त्या चिठ्ठीनें वांचतो.

पडद्यावर अक्षरें उमटून गाडी अडली तर यंत्राची प्रकृति पुष्कळ चांगली आहे असें जाणावें. अक्षरें वाचावींत मात्र! लोक तीं न वाचतांच पुन्हां कळ दाबतात. बूट होण्याजोगी डिस्क सांपडत नाहीं असा मजकूर आल्यास विसरून राहिलेला पेनड्राइव्ह आधीं काढावा. तारीख कित्येक वर्षें मागें गेली असेल तर मदरबोर्डावरील रुपयाएवढी, ३ व्होल्टची, सीआर २०३२ या नांवाची बॅटरी संपली आहे. विंडोज लागोपाठ अडखळली म्हणजे स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढें करते. त्यांत प्रारंभाची दुरुस्ती आधीं निवडावी. व्यवस्था नव्यानें बसविण्याची पाळी आलीच, तर 'फाइली ठेवाव्या' आणि 'सर्व काढून टाकावें' असे दोन पर्याय येतात. सर्व मेख या दोहोंत आहे.

सर्वांत गंभीर खूण म्हणजे डिस्कमधून येणारा टकटक आवाज. तो ऐकूं येतांच यंत्र बंद करावें व पुन्हां पुन्हां चालू करून पाहूं नये. प्रत्येक प्रयत्नानें आंतील चकतीवर चरे पडण्याचा धोका वाढतो. नव्या यंत्रांतील एस.एस.डी. तर पूर्वसूचना न देतांच जाऊं शकते. पण डिस्क निरोगी आणि बाकीचें यंत्र मेलेलें असेल, तर ती काढून एका स्वस्त जोडणीनें दुसऱ्या संगणकास लावतां येते आणि सगळी ठेव उतरवून घेतां येते. मात्र पुष्कळ नव्या यंत्रांत डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असते. तिची ४८ आंकड्यांची किल्ली यंत्र चालू असतांनाच वहींत उतरून ठेविली पाहिजे. दुकान राजारामपुरींत असो वा लक्ष्मीपुरींत, 'विचारल्याविना डिस्क पुसूं नये' हे शब्द पावतीवर लिहून घ्यावेत. तसें लिहून देण्यास चांगला कारागीर कां कूं करीत नाहीं.

राहिला पूर. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगा ३९ फुटांवर गेली म्हणजे इशारा व ४३ फुटांवर धोका, हें कोल्हापुरांत शाळेंतील मुलांनाहि पाठ असतें. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें ती ५५ फुटांच्याहि वर गेली. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागांतील घरें पाण्याखालीं गेलीं. पुराचें पाणी स्वच्छ पाणी नव्हे. त्यांत गाळ व क्षार असतात, त्यांतून वीज वाहते. पेटी भिजली तर 'चालते का पाहूं' म्हणून कळ दाबणें हाच तिचा अंत ठरतो. न दाबतां उघडून, पंख्याच्या वाऱ्यावर कित्येक दिवस वाळविल्यास व जाणत्याकडून साफ करविल्यास तिची आशा असते. चकतीच्या डिस्कचा नियम मात्र उलटा आहे. बुडालेली डिस्क वाळवूं नये, कारण गाळ चकतीवर वाळून चिकटतो. ती ओलसर फडक्यांत गुंडाळून, बंद पिशवींत घालून, माहिती परत काढण्याचें काम करणाऱ्याकडे तशीच पोंचवावी. आणि नदी ३९ फुटांवर गेल्याची बातमी आल्यावर सातबारा, दागिने व धान्य माळ्यावर चढवितांना, ठेवीची दुसरी प्रत असलेली लहान डिस्कहि त्याच डब्यांत जावी. पेटी खालीं राहिली तरी चालेल.